पाच लिटर सहाशे मिलिलिटर

वाळवंटात प्यायलेल्या पाण्याचे माझे देयक परवा हिशेब विभागातून परत आले. त्यावर तांबड्या शाईत शेरा होता : ‘सोबतच्या अहवालानुसार मातीच्या नमुन्यांत १४ टक्के पाणी उपलब्ध असल्याचे दिसते. सबब पिण्याचे पाणी विकत घेण्याच्या प्रयोजनाचा खुलासा व्हावा.’ खुलासा करायला मी स्वतः गेलो, ही माझी चूक झाली. अर्थात ती दुसरी चूक. पहिली मी ओव्हनपाशीच करून बसलो होतो.

मातीतला ओलावा मोजण्याची सर्वमान्य रीत अशी, की नमुना तोलावा, १०५ अंश सेल्सियसला चोवीस तास ओव्हनमध्ये ठेवावा, पुन्हा तोलावा आणि जेवढे वजन घटले तेवढे पाणी होते असे समजावे. बहुतेक मातींच्या बाबतीत ते खरेही असते. जिप्समच्या मातीत मात्र ही रीत माणसाला साफ तोंडघशी पाडते, कारण जिप्सममध्ये कॅल्शियम सल्फेटच्या जोडीला पाण्याचे दोन-दोन रेणू स्फटिकाच्या बांधणीतच चिणलेले असतात आणि त्यांचा भार एकूण वजनाच्या जवळजवळ २१ टक्के असतो. हे पाणी ओले नसते. ते हाताला लागत नाही, पिळून निघत नाही. पण शंभर अंशांच्या पुढे तापवले की मुकाट्याने उडून जाते आणि तराजूवर ओलावा म्हणून हजेरी लावते. म्हणून अशी माती ४० ते ६० अंशांवरच वाळवावी, हे मला ठाऊक होते; ठाऊक कसले, मी ते दर वर्षी इतरांना बजावून सांगतो. परंतु आमच्या ओव्हनवर ‘१०५. बटणाला हात लावू नये’ अशी चिठ्ठी डकवलेली आहे, मी प्रवासाने शिणलो होतो आणि आज्ञाधारकपणा हा माझा जुना दोष आहे.

ज्या सपाटीवरून ती माती आणली, तिथे पाणी होते असे म्हणणाऱ्याने एकदा तिथे दुपारभर उभे राहून दाखवावे. उगमाकडच्या डोंगरांत जिप्समचे थर असले की पुराचे पाणी सल्फेट विरघळवून खाली आणते, उतार संपला की गाळासकट पसरते आणि तिथून पुढे जायला त्याला वाट उरत नाही. जे थोडे जमिनीत मुरते ते बारीक गाळातून, वातीतून तेल चढावे तसे पुन्हा वर येते आणि उन्हात उडून जाते. क्षार तेवढे मागे राहतात. त्यांच्या बसण्याचाही क्रम ठरलेला असतो. सर्वांत कमी विरघळणारा चुना वाटेतच आधी बसतो, त्याच्यानंतर जिप्सम, आणि मीठ सर्वांच्या शेवटी, अगदी पृष्ठभागावर येऊन. लिटरभर पाण्यात जिप्सम जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतो, म्हणजे एक किलो जिप्सम धुऊन काढायचा तर चारशे लिटर पाणी हवे. तेवढा पाऊस तिथे नसतो, म्हणून तो साठतच जातो.

आम्ही खणलेल्या खड्ड्यात वरचा दोन बोटे जाडीचा पापुद्रा सोडला की खाली पिठासारखी पांढरी माती होती, इतकी पोकळ, की पापुद्रा मोडून माझा पाय घोट्यापर्यंत आत गेला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. त्याखाली भेगांतून जिप्समचे पांढरे दोरे उतरले होते आणि हातभर खोलीवर भिंगासारखे चपटे, बोटाच्या नखाएवढे स्फटिक चमकत होते, ज्यांच्यावर नखानेच ओरखडा उठतो. अशा थराला शास्त्रात जिप्समयुक्त थराचा दर्जा मिळण्यासाठी किमान ५ टक्के जिप्सम आणि किमान १५ सेंटीमीटर जाडी लागते, शिवाय दोन्ही आकड्यांचा गुणाकार १५० भरावा लागतो. ही अट कोणी तरी हिशेबनिसाने घातली असावी, असा माझा आता पक्का संशय आहे. माझ्या नमुन्यांत जिप्समचे प्रमाण तीन-चतुर्थांशाच्या आसपास होते, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. दुसरेच प्रश्न आले.

आमचे हिशेबनीस सज्जन गृहस्थ आहेत. ते आवाज चढवत नाहीत, बोलताना पट्टीने कागदावर रेघ ओढत राहतात आणि रेघ पुरी झाल्याखेरीज वाक्य संपवत नाहीत.

“बसा साहेब. चाळीस किलो माती आणलीत ना?”

“हो.”

“चौदा टक्क्यांनी पाच किलो सहाशे ग्रॅम पाणी होते. पाण्याचा एक किलो म्हणजे एक लिटर, एवढे आम्हालाही येते. म्हणजे पाच लिटर सहाशे मिलिलिटर पाणी तुम्ही पोत्यांत भरून परत आणलेत आणि पिण्यासाठी मात्र विकत घेतलेत.”

मी म्हणालो, की ते पाणी नव्हेच. त्यांनी अहवाल माझ्याकडे फिरवला. “इथे ‘ओलावा’ असे छापले आहे. खाली सही कोणाची आहे?”

सही माझी होती. मी त्यांना स्फटिक समजावून सांगितला. ते पाणी कोंडलेले आहे आणि बाहेर काढायचे तर माती तापवावी लागते, असे म्हटले.

“मग ओव्हन बरोबर का नेला नाहीत?”

“तिथे वीज नव्हती.”

“ऊन होते. तुमच्याच अहवालात तिसऱ्या पानावर जमिनीचे तापमान ५२ अंश दिले आहे.”

“बावन्न अंशांना ते सहजासहजी सुटत नाही.”

“सहजासहजी नाही,” रेघ पुरी करत ते म्हणाले, “म्हणजे सुटते.”

इथे मी उठायला हवे होते. पण खरे ते सांगितल्यावाचून राहवत नाही, हा माझा दुसरा जुना दोष. स्पेनमधल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिले आहे, की हेलियान्थेमम स्क्वामाटम नावाचे उथळ मुळांचे एक बुटके झुडूप भर उन्हाळ्यात आपल्या गरजेचे बहुतेक पाणी जिप्समच्या स्फटिकातूनच मिळवते. झुडपातल्या पाण्याचे समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू, त्यांनी स्फटिकातल्या पाण्याशी ताडून पाहिले आणि ते जुळले. माझ्या मते मृदाशास्त्रातली ही अलीकडची फार देखणी गोष्ट आहे, आणि ती मी त्यांना देखण्या गोष्टीसारखीच, हातवारे करून सांगितली. त्यांनी झुडपाचे नाव मला दोनदा म्हणायला लावून टिपून घेतले.

“या झुडपाला ओव्हन लागतो का?”

“नाही.”

“वीज?”

“नाही.”

“शिक्षण?”

मी गप्प राहिलो. त्यांनी माझ्यासमोरच देयकातून पाच लिटर सहाशे मिलिलिटर पाणी वजा केले आणि समासात ‘झुडपाच्या दाखल्यावरून’ असे लिहिले. ओलाव्याची टक्केवारी कोरड्या वजनावर काढतात, ओल्या वजनावर नव्हे. तसा हिशेब केला असता तर कपात चार लिटर नऊशेच्या घरात आली असती आणि सातशे मिलिलिटर पाणी माझ्या पदरात पडले असते. पण हे म्हणायचे तर ते पाणी होते हे कबूल करावे लागते. मी तो मुद्दा गिळला, आणि तो अजून घशात आहे.

दुसऱ्या दिवशी मी उरलेले नमुने ४० अंशांवर वाळवले, ओलावा एक टक्क्याच्याही खाली आला, आणि सुधारित अहवाल घेऊन मी पुन्हा त्यांच्या टेबलाशी उभा राहिलो. त्यांनी दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवले, पट्टी काढली आणि शांतपणे विचारले, “मग मधल्या काळात तेरा टक्के पाणी कोणी वापरले?”

हसायचे तेवढे हसून झाल्यावर मला या मातीबद्दल खरोखरच वाईट वाटते. आमचे सगळे तक्ते, सगळ्या चाचण्या ओल्या मुलखातल्या मातीसाठी बेतलेल्या आहेत. पोत पाहण्यासाठी ही माती पाण्यात ढवळली, तर विरघळलेल्या जिप्सममुळे चिकणमातीचे कण तरंगत राहण्याऐवजी गुठळ्या करून तळाला बसतात आणि चिकणमाती जवळपास नाहीच असा निकाल हाती पडतो. आम्लाचा थेंब टाकला तर जिप्सम चुनखडीसारखा फसफसत नाही, त्यामुळे घाईतला माणूस तिथे काही नाही असे लिहून पुढे जातो. मग त्या ‘काही नाही’वरून कालवा नेतात. कालवा झिरपतो, खालचा जिप्सम विरघळून पोकळी होते, जमीन बसते, काँक्रीटला सल्फेट पोखरू लागते, आणि दोष जमिनीला देतात. चोपण जमीन सुधारायला पोत्यांनी घातला जातो तोच हा जिप्सम. पण मातीत पाव हिश्श्याहून जास्त झाला, की पिकांना पोटॅश आणि मॅग्नेशियम मिळेनासे होते. त्या मातीवरचा काळपट पापुद्रा नीलहरित शैवाल आणि दगडफुलांनी विणलेला असतो आणि एकदा मोडला की पुन्हा जुळायला दशके लागतात. माझ्या पायाने जो मोडला त्याचा खुलासा मात्र मला कोणीही मागितलेला नाही.

१०५ अंशांवर भाजलेल्या मातीचा एक डबा धुवायचा म्हणून मी त्यात पाणी घालून, नमुना काढायचा पोलादी चमचा तसाच आत ठेवून फोनवर बोलायला गेलो होतो. जिप्समचे पाऊण पाणी उडाले की मागे उरते ते प्लास्टर ऑफ पॅरिस. अर्ध्या तासाने परत आलो तेव्हा चमचा डब्यात ताठ उभा होता आणि डबा उलटा करून आपटला तरी हलत नव्हता. तो मी आता परत आलेल्या फायलीवर वजन म्हणून ठेवला आहे. काल हिशेबनीस सही घ्यायला आले, तेव्हा त्यांनी डबा उचलला, हातात तोलून पाहिला आणि जागेवर ठेवताना म्हणाले, “साठा नोंदवहीत सहा चमचे आहेत साहेब. आज सकाळी पाचच भरले.”