रामबागेतली ती व्हिडिओ कॅसेट

तरुणपणी पाहिलेले विनोदी चित्रपट आपल्याला केवळ त्या वयामुळे आवडलेले असतात, असे हल्ली वारंवार वाचनात येते. मला ते मान्य नाही, आणि त्यासाठी ‘अशी ही बनवाबनवी’चे एकच उदाहरण पुरेसे आहे.

१९८८ साली हा चित्रपट आला, तेव्हा आम्हा इंदूरकरांच्या वाट्याला रीगल काय किंवा मधुमिलन काय, बहुतेक हिंदी चित्रपटच येत. पुढच्या उन्हाळ्यात पुण्याच्या मामाने त्याची कॅसेट पाठवली आणि रामबागेतल्या आमच्या वाड्यात एका रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आला. सतरंजीवर वीस-बावीस माणसे दाटीवाटीने बसली होती. मध्येच पडद्यावर आडव्या रेघा पळू लागल्या की वडील कॅसेट बाहेर काढून, तिचे झाकण उचलून, फीत बोटाने हलकेच सारखी करीत, आणि तेवढ्या वेळात कोणी ना कोणी मागच्या प्रसंगातली वाक्ये म्हणून दाखवी.

आमच्या बोलण्यात निम्मी हिंदी मिसळलेली असे. शाळेतल्या मित्रांशी थट्टामस्करी हिंदीत, तर घरी मराठी वडीलधाऱ्यांशी बोलण्यापुरती. मराठीत समवयस्कांची फिरकी घेता येते, हे वसंत सबनीसांच्या संवादांनी आम्हाला शिकवले, आणि हे ऋण मी फार मोठे मानतो.

चित्रपटाची बांधणीही पक्की होती. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेली, पण ती पुण्यात अशी रुजली की परकी वाटत नाही. चार तरुणांना राहायला जागा हवी आहे आणि घरमालकीण जोडप्यांनाच जागा देते. सुधीर आणि परशुराम साडी नेसतात ते हौसेने नव्हे, तर डोक्यावर छप्पर हवे म्हणून. अशोक सराफांचा धनंजय माने एक थाप निभावण्यासाठी दुसरी मारतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची धास्ती खरी असते. गरज खरी असल्यामुळेच हसू टिकते. त्या काळच्या इतर अनेक विनोदी चित्रपटांत नायिकेची छेड काढण्यालाच विनोद समजले जाई; ते आज मला पाहवत नाहीत, आणि त्या वयात आवडले होते म्हणून त्यांची बाजूही मी घेणार नाही.

‘अंदाज अपना अपना’चेही तसेच आहे. १९९४ साली तो फारसा चालला नाही. आम्ही पाहिला तेव्हा निम्म्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या होत्या. २०२५ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला, याचे श्रेय केवळ आमच्या पिढीच्या हळवेपणाला कसे देता येईल?

मागच्या दिवाळीत माझी सोळा वर्षांची भाची ‘बनवाबनवी’ मोबाइलवर पाहत होती आणि लक्ष्मीकांत बेर्डे पार्वती होऊन लाजतात तिथे ती पोट धरून हसली. वाड्यातली माणसे त्या रात्री नेमकी तिथेच हसली होती. मी कपाटातून ती जुनी कॅसेट काढून तिच्या हातात दिली. तिच्या चिठ्ठीवर मामाच्या अक्षरात अजूनही लिहिलेले आहे: ‘पुसू नये.’