वरणाचं पाणी आणि सातवा महिना: काकूंना उत्तर

काकू, सहा महिन्यांआधी वरचं काही नको, नंतरही नुसतं वरणाचं पाणी नको आणि वर्षाच्या आत मध नको, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली तेव्हा राग आला, खरं सांगते. दुपारी ती सासूबाईंना वाचून दाखवली: "माझ्या तिन्ही मुलांना पाचव्या महिन्यात वरणाचं पाणी दिलं, मधाचं बोट चाटवलं, तिघंही ठणठणीत आहेत, तुम्ही मुली मोबाइलमध्ये बघून पोरं वाढवता आणि वर आम्हाला अडाणी म्हणता." त्या शांतपणे म्हणाल्या, "शेवटचं बरोबर आहे हो त्यांचं." लेख उघडून पाहिला तर 'अडाणीपणा' हा शब्द खरंच होता. काढलाय. चुकलंच माझं.

बाकीचं मात्र तसंच ठेवते.

वरणाच्या पाण्याबद्दल ऐकीव काही लिहिलेलं नाही. लेकीला सहा महिने झाल्यावर मीही तेच देत होते. कुकरमधल्या डाळीवरचं पिवळं पाणी, त्यात तुपाचा थेंब, वाटीभर. ती गटागट प्यायची आणि मी खूश. महिन्याने वजन केलं तर काटा जागचा हलला नव्हता. डॉक्टर रागावले नाहीत, एवढंच विचारलं, "चमचा तिरका केला तर अन्न चमच्यात राहतं की ओघळतं?" ओघळत होतं.

हिशेब बघा. या वयात पोटात मावतं ते वजनाच्या किलोमागे साधारण ३० ग्रॅम. सात किलोची पोर एका वाटीत भरून जाते. आईच्या १०० मिलिलिटर दुधात ६५ ते ७० कॅलरी असतात. वरणाच्या वरच्या पाण्यात डाळ नावालाच, खरी डाळ खाली राहते आणि ती आपण खातो! पोट पाण्याने भरलं की बाळ तेवढं दूध कमी पितं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाखेरीज रोज सुमारे २०० कॅलरी वरच्या अन्नातून लागतात. लोहही लागतं, कारण जन्मताना आणलेला साठा याच सुमाराला संपत येतो आणि आईच्या दुधात ते फार थोडं असतं. म्हणून घोटलेली डाळ द्या, गुरगुट्या भात द्या, डाळ-तांदूळ भाजून भरडलेलं खिमट द्या. यातलं एकही मी मोबाइलमधून शिकले नाही, तुमच्या पिढीकडूनच आलंय. सुरुवातीला दोन-तीन चमचे पुरे, हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत जायचं.

घट्ट दिलं तर बाळ थुंकून टाकतं, असं तुम्ही लिहिलंत. टाकतं खरं. यावरचा उपाय तुमच्याच प्रतिक्रियेत आहे आणि तुम्ही तो ओझरता सांगून पुढे गेलात: मोड आणून वाळवलेल्या गव्हाचं पीठ. मोड येताना धान्यात एक पाचक रस तयार होतो, तो पिष्टाचे लांब धागे तोडतो. घट्ट शिजवलेली लापशी जराशी निवल्यावर हे पीठ चमचाभर घालून ढवळलं की ती डोळ्यांदेखत सैल होते. पाणी न वाढवता, म्हणजे कस तेवढाच राहतो. मग पुन्हा एक उकळी काढायची, कारण मोडाच्या पिठात जंतू असू शकतात. पीठ करण्याआधी गहू खरपूस भाजले तर हा गुण जातो, उन्हात वाळवलेलेच बरे. आपल्या बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात, अन्न आणि पोषण विभागात, डॉ. तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात नेमकं यावर काम केलं. दांडिया बाजारातून चालत जाता येईल अशा अंतरावर, काकू!

आता उष्टावण. मुलीचं पाचव्या-सातव्यात, मुलाचं सहाव्या-आठव्यात, हे तुमचं म्हणणं मान्य. पण आपण महिना मोजतो तो लागलेला. सातवा लागला म्हणजे सहा पूर्ण झाले, आणि जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते, सहा पूर्ण झाल्यावर. म्हणजे मुलीच्या बाबतीत भांडण मिटलं. मुलाचं सहाव्यात करायचं तर पाचच पूर्ण झालेले असतात. तिथे आठवा धरा, पण विधीसाठी. वरचं खाणं सातव्यातच सुरू करा, उष्टावणासाठी पोराला उपाशी ठेवू नका.

मधावर मात्र तसूभर हटणार नाही. वर्षाच्या आत बोटभरही नाही. मधात बोटुलिझम नावाच्या आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, घरच्या उकळीने ते मरत नाहीत, आणि तान्ह्याच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात. आजार विरळा आहे, म्हणूनच तुमचे तिघेही ठणठणीत राहिले. पण ज्याला होतो त्याचे स्नायू लुळे पडतात, श्वाससुद्धा अडकतो.

मिठाचं थोडक्यात सांगते. अळणी खिचडी तुम्हाला-मला बेचव लागते. लेकीने मीठ चाखलेलंच नाही, तिला काय कळणार. साखरही नको. अंड्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, आमच्या सोसायटीने मात्र विचारलं. हो, देते. उकडून, बलक कुस्करून, खिडकी लावून.

सासूबाईंचा एक प्रश्न आहे, जमलं तर उत्तर द्या. मोडाला तुम्ही गहू किती वेळ बांधून ठेवता? उन्हाळ्यात इथे दुसऱ्या दिवशीच आमच्या फडक्याला आंबूस वास येतो.