फूल, दोन पानं आणि ऱ्हाईनवरचा पूल

परवा डिचोलीहून भाच्याचा फोन आला. ‘मामा, बाबांची जन्मनोंद लिस्बनला घातलीय. पोर्तुगीज पासपोर्ट झाला की तिकडेच येतो.’ मागून ताईचा आवाज : ‘आणि इथलं नागरिकत्व सोडणार?’ गोव्यात हा वाद घरोघरी आहे. कुणाला त्यात देशद्रोह दिसतो, कुणाला नोकरी. युरोप म्हणजे आत शिरायचं दार, एवढंच दोघं धरून चालतात, ते मला खटकतं.

मी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला राहतो. शनिवारी सामान आणायला ट्रामने ऱ्हाईन नदी ओलांडून जर्मनीतल्या केलला जातो, वीस मिनिटांत परत. (२०२४ पासून जर्मनीने सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केली, त्याचं वाईट वाटतं.) शेजारच्या बाईंची आजी १९०० साली इथे जर्मन म्हणून जन्मली. १९१८ला फ्रेंच, १९४०ला पुन्हा जर्मन, १९४५ला पुन्हा फ्रेंच. घर तेच.

म्हणून ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री शुमन यांनी मांडलं, की कोळसा आणि पोलाद, म्हणजे युद्धाचाच कच्चा माल, फ्रान्स आणि जर्मनी या दोन्ही देशांनी एका सामायिक अधिकाराखाली ठेवावा. पुढच्याच वर्षी सहा देशांनी करार केला, आजच्या युरोपीय संघाची ती सुरुवात. बाजारपेठ हे साधन होतं. पुन्हा लढाई करताच येऊ नये, हा हेतू.

माझे आजोबा विलीनीकरणवादी. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात त्यांनी गोवा महाराष्ट्रात सामील व्हावा म्हणून फुलाच्या चिन्हावर शिक्का मारला. फूल ३४,०२१ मतांनी हरलं, ते आजोबा मरेपर्यंत विसरले नाहीत. मीही तीच हळहळ घेऊन वाढलो. मराठी माझी भाषा, त्यात बदल नाही. पण दोन पानांना, म्हणजे गोवा वेगळा ठेवायला, मत देणाऱ्यांची धास्ती मला इथे कळली. लक्झेंबर्गची वस्ती गोव्याच्या निम्म्याहूनही कमी. तरी युरोपीय संघात करांच्या किंवा परराष्ट्र धोरणाच्या प्रश्नावर तो एकटा नाही म्हणाला, तर जर्मनीलाही थांबावं लागतं. आपण विलीनीकरणवाद्यांनी धाकट्या गोव्याला मोठ्या घरात बोलावलं, पण तिथे त्याच्या शब्दाला किती वजन राहील, हे नीट सांगितलंच नाही.

भाच्याला म्हटलं, ‘पासपोर्टबरोबर युरोपीय संसदेसाठी मतही मिळतं. ते कशासाठी देशील?’

थोडा वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, ‘मामा, ह्याचा विचारच केला नव्हता. आईकडे देतो फोन.’