इमारतीवर मत द्यायचंय? मग तिच्या पायथ्याशी जाऊ नका

शहर वाढायला लागलं की प्रत्येक सुजाण नागरिकावर एक कर्तव्य येऊन पडतं, ते म्हणजे नव्या इमारतींबद्दल मत बाळगण्याचं. एखाद्या दिवशी पाणी आलं नाही तर चालून जातं, मत मात्र रोज ताजं लागतं. इथेच पुष्कळांची पंचाईत होते. त्यांना वाटतं, मत द्यायचं तर आधी इमारत बघायला हवी. हा गैरसमज डोक्यातून काढून टाका. इमारत प्रत्यक्ष बघितलीत, आणि त्यातही तिच्या पायथ्याशी जाऊन पाच मिनिटं उभे राहिलात, तर चांगलं तयार झालेलं मत नासण्याची दाट शक्यता असते.

आधी पक्ष निवडा. दोनच आहेत. ‘काय भारी दिसतंय, आता आपणही जगाच्या नकाशावर’ हा एक आणि ‘सगळी वाट लावली’ हा दुसरा. ‘इमारत बरी आहे, पण रॅम्प फूटपाथवर आलाय’ असलं काही बोललात तर दोन्हीकडचे तुमच्याकडे संशयाने बघतील, आणि ते योग्यच आहे. तपशिलात शिरणारा माणूस भरवशाचा नसतो.

‘भारी’ पक्षात गेलात तर आयफेल टॉवर खिशात ठेवा. 1887 साली पॅरिसमधल्या नामवंत लेखक-कलावंतांनी त्याच्याविरुद्ध निषेधपत्र काढलं होतं, त्याला कारखान्याचं काळं धुराडं ठरवलं होतं. आज त्या टॉवरशिवाय पॅरिसचं पोस्टकार्ड होत नाही. एवढं सांगितलं की समोरचा गप्प. तुमच्याकडचं पार्किंगच्या चार मजल्यांवर बसवलेलं ऑफिसांचं खोकं आणि आयफेल टॉवर यांच्यात ‘लोकांनी नावं ठेवली’ एवढं एकच साम्य आहे, पण वादात एक साम्य पुष्कळ झालं. फक्त त्याच पॅरिसमधल्या माँपार्नास टॉवरचा विषय निघू देऊ नका. 1973 साली 210 मीटर उंचीचा तो मनोरा पुरा झाला आणि पॅरिसकरांना तो इतका आवडला की 1977 साली शहरात 37 मीटरच्या वर बांधायलाच मनाई झाली. सवय व्हायची अजून बाकी आहे.

मत बनवायला लागणारं एकमेव साहित्य म्हणजे ब्रोशरमधलं थ्रीडी चित्र. ते मात्र नीट बघा. वेळ बहुधा सूर्यास्तानंतरची दहा मिनिटं, म्हणजे आकाश गडद निळं आणि झाडून सगळ्या खिडक्यांत दिवे. कोपऱ्यात फुगा धरलेली एक मुलगी. एक माणूस सायकल हातात धरून चाललेला. सायकलवर कुणी बसलेलं नसतं. झाडं पंचवीस वर्षं वाढलेली, इमारत मात्र आज सकाळी उघडलेली. विजेची तार नाही, कचऱ्याचा डबा नाही, एसीचं बाहेरचं यंत्र नाही. तळघरात शेकडो गाड्यांची सोय असते, रस्त्यावर मात्र एकच गाडी, तीही चंदेरी. चित्र दिवसाचं असेल तर उत्तर गोलार्धात जिथे ऊन क्वचितच पोचतं त्या उत्तरेच्या भिंतीवरही लख्ख ऊन पडलेलं सापडेल. दर्शनी बाजूला सूर्य येत नसेल तर आणायचा, चित्रकाराला पैसे कशाचे देतात? आणि हे सगळं बघायचं घारीच्या उंचीवरून, जिथून ती इमारत तुम्ही जन्मात बघणार नाही. मत इथूनच द्या. इथून सगळंच देखणं दिसतं.

आता काच. ‘जागतिक दर्जा’ ओळखायची सोपी खूण म्हणजे काच. ऊन भरपूर असलेल्या ठिकाणी तर ती हवीच. आधी ऊन आत घ्यायचं, मग वीज जाळून ती उष्णता बाहेर रस्त्यावर टाकायची, आणि बाहेर उकडतं म्हणून लोक आत आले की ‘प्रतिसाद उत्तम आहे’ म्हणायचं. लंडनने तर कमाल केली. फेनचर्च स्ट्रीटवरच्या 20 क्रमांकाच्या इमारतीला लोक वॉकी-टॉकी म्हणतात. तिची दक्षिणेची काचेची बाजू आत वळलेली आहे. 2013 साली बांधकाम चालू असतानाच त्या अंतर्गोल काचेने ऊन गोळा करून खालच्या रस्त्यावर सोडलं आणि तिथे उभ्या असलेल्या एका जॅग्वार गाडीचा आरसा नि बाहेरचे काही भाग वितळले. पत्रकारांनी त्याच उन्हात तवा ठेवून अंडं तळलं. वास्तुरचनाकार होते राफाएल विन्योली. लास वेगासमध्ये त्यांनीच केलेल्या एका हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाकाठी त्याआधीच पाहुण्यांच्या केसांना चटके बसले होते, तेव्हा अनुभव नव्हता असं कुणी म्हणू शकत नाही. अशा इमारतीबद्दल तुमचं मत काय असावं? ‘वळणदार आणि लक्षवेधी.’ त्या जॅग्वारच्या मालकाचंही लक्ष वेधलंच की. याच इमारतीला परवानगी मिळताना माथ्यावर जनतेसाठी बाग देण्याचा शब्द कामी आला होता. बाग झाली. फुकट आहे. फक्त आधी वेळ आरक्षित करायची आणि आत शिरताना सामान तपासून घ्यायचं. पाय मोकळे करायची एवढी इच्छा असेल तर माणसाने जरा नियोजन करायला काय हरकत आहे?

ज्यांना जमिनीवरच बसायचा हट्ट असतो त्यांच्यासाठी न्यूयॉर्कने 1961 साली एक युक्ती काढली. इमारतीपुढे लोकांसाठी मोकळी जागा सोडा आणि बदल्यात जास्तीचं चटईक्षेत्र घ्या. बिल्डरांनी जागा सोडल्या, मजले घेतले, आणि त्यातल्या कित्येक जागा ओसाड पडल्या. मग विल्यम व्हाइट नावाच्या गृहस्थांनी कॅमेरे लावून तासन्‌तास चित्रण केलं. चौकात ऊन किती, इमारत केवढी, आकार कसा, सगळं तपासून निष्कर्ष काढला की लोक जिथे बसायला जागा असते तिथे बसतात. हसू नका. हे नियमात लिहायला 1975 साल उजाडलं. तेव्हा कुठे मोकळ्या जागेत बसायची सोय सक्तीची झाली.

तुमच्या शहरातल्या नव्या टॉवरपुढेही अशी जागा असेलच. झकास गुळगुळीत ग्रॅनाइट, पावसाचे दोन थेंब पडले की माणूस आडवा. झाडांच्या कुंड्यांना कट्टा आहे, पण त्याची धार तिरकी घासलेली, टेकलं की सरकत खाली. तरीही चिकाटीने टेकलात तर वॉचमनची शिट्टी. त्याला बिचाऱ्याला स्वतःला बसायला एक प्लास्टिकची खुर्ची मिळालेली असते, तीही साहेब आले की आत घ्यायची. टॉवरच्या बाजूला वळलात तर पार्किंगची जाळी, जनरेटरची खोली, एक्झॉस्टचा गरम झोत, आणि दर वीस पावलांवर फूटपाथ खाली बसवून केलेला रॅम्प. उंच भिंतीवर आदळलेला वारा वर जायच्या ऐवजी खाली उतरतो आणि छत्री उलटी करतो, तो वेगळाच. म्हणून म्हणतो, पायथ्याशी जाऊ नका. डेन्मार्कचे नगररचनाकार यान गेल वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की ताशी 5 किलोमीटरने चालणाऱ्यासाठी शहर वेगळं घडवावं लागतं आणि ताशी 60 ने जाणाऱ्यासाठी वेगळं. तुम्ही सरळ 60 ने जा. काच वर, एसी चालू. इमारत एकदम सुंदर दिसेल.

हिरवाईची काळजी करू नका, ती हल्ली बाल्कनीत मिळते. मिलानमधल्या ‘बोस्को व्हर्टिकाले’ या जोड टॉवरवर शेकडो झाडं खरोखर जगली आहेत. त्यांच्यासाठी जाडजूड स्लॅब, स्वतंत्र सिंचन आणि दोरावर लोंबकळून छाटणी करणारे माळी, असा सगळा सरंजाम आहे. आपण त्यातलं फक्त चित्र घ्यावं. माळ्याचा खर्च सोसायटी बघून घेईल, किंवा पहिल्या उन्हाळ्यानंतर प्रश्नच उरणार नाही.

रस्त्यांवर फार वेळ घालवू नका. मार्गिका वाढवा, एवढं म्हटलं की काम झालं. ह्यूस्टनच्या केटी फ्रीवेचं रुंदीकरण 2008 साली संपलं, बाजूचे रस्ते धरून काही भागांत 26 मार्गिका झाल्या, आणि पुढच्या काही वर्षांत गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. यातून निघणारा निष्कर्ष उघड आहे: सत्ताविसावी राहिली.

राहता राहिला हरकती-सूचनांचा मामला. आराखडा जाहीर होतो, नकाशा लावला जातो, मुदत दिली जाते. या मुदतीत चुकूनही तिकडे फिरकू नका. गेलात तर नकाशा वाचावा लागेल, कोणता रंग कशाचा ते बघावं लागेल, त्यात आपली गल्ली शोधावी लागेल, आणि ‘फूटपाथ सलग ठेवा, गाड्यांचा रस्ता मागून काढा’ असलं काहीतरी किरकोळ लेखी द्यावं लागेल. कधीकधी ते मान्यही होतं. मग आयुष्यभर तक्रार कशाची करणार? तेव्हा धीर धरा. मुदत जाऊ द्या, खड्डा खणू द्या, सांगाडा चढू द्या, शेवटची काच बसू द्या. त्यानंतर एक सणसणीत लेख लिहा आणि पहिलं वाक्य असं ठेवा: ‘या शहरात सामान्य माणसाला विचारतंय कोण?’