प्रयोगशाळेतल्या धास्तीला शिस्त म्हणू नका

गेल्या आठवड्यापासून गोव्यातल्या फोंड्यातील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरत आहे. त्याचे म्हणणे असे: प्रयोगशाळेत मुलांना भीती वाटलीच पाहिजे, कारण भीतीनेच अपघात टळतात, ‘सर्वसमावेशक अध्यापन’ (प्रत्येक विद्यार्थ्याची गरज ओळखून शिकवणे) म्हणजे गुणांची खैरात, आणि ज्याला ताण सोसत नाही त्याने विज्ञान शाखेकडे फिरकू नये. वहिनींनी तो बारावीतल्या माझ्या पुतणीला पाठवला आणि ती पुढे विज्ञान नकोच म्हणू लागली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे. मी उच्च माध्यमिक विद्यालयात अनेक वर्षे रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके घेतली. एकदा फॉस्फेटची चाचणी चालू असताना एका मुलाचा उजवा हात ॲप्रनच्या खिशातून बाहेर येईना. अखेर मी तो बाहेर काढायला लावला, तेव्हा दोन बोटे पिवळी पडलेली दिसली. संहत नायट्रिक आम्ल बोटांवर सांडले होते आणि आदल्या आठवड्यात बीकर फोडणाऱ्या मुलीची सर्वांसमोर निघालेली खरडपट्टी आठवून तो गप्प राहिला होता. ती खरडपट्टी मीच काढली होती. आम्ल त्वचेवर पडताच हात वाहत्या पाण्याखाली धरायचा असतो. त्या मुलाची ती मोलाची मिनिटे माझ्या धाकापायी वाया गेली. भीतीने अपघात टळत नाहीत, ते लपवले जातात.

संदेशात तथ्याचा एक अंश आहे, तो नाइलाजाने मान्य करतो: बेफिकिरी प्रयोगशाळेत चालत नाही, आणि गॉगल न लावणाऱ्याला मी आजही आत घेणार नाही. परंतु रसायनशिक्षणाचे अभ्यासक क्रेग बोवेन यांनी १९९९ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची रसायन-प्रयोगशाळेतील चिंता मोजणारी जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात चिंतेची पाच अंगे आहेत: रसायने हाताळणे, उपकरणे व कृती, नोंदी घेणे, सोबत्यांबरोबर काम करणे आणि वेळ पुरणे. यांतील शेवटच्या तिन्हींचा धोक्याशी फारसा संबंध नाही. कृती आदल्या दिवशी समजावून देणे, जोड्या विचारपूर्वक लावणे आणि पुरेसा वेळ देणे एवढ्याने या चिंता बऱ्याच हलक्या होतात.

यात गुणांची खैरात कुठे आली? लाल-हिरवा रंगभेद न कळणाऱ्या मुलाला अनुमापनात (टायट्रेशनमध्ये) अभिक्रिया पूर्ण झाल्याचे दाखवणारा, म्हणजे अंतिम बिंदूचा, फिकट गुलाबी रंग ओळखायला सोबती दिला, तरी आकडेमोड त्यालाच करावी लागते. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी तर २०१६ च्या कायद्यानेच अध्यापनात योग्य ते बदल अपेक्षिले आहेत.

तिसऱ्या मुद्द्यावर फार शब्द खर्च करीत नाही. प्राथमिक शाळा मराठीतून आणि पाचवीपासून सारे इंग्रजीतून, हा बदल आमच्या कितीतरी मुलांनी सोसलेला आहे. त्यांना सोसत नाही असे कोणी म्हणू नये. पुतणीशी बोललो तेव्हा कळले की पोटॅशियम परमँगनेटच्या गडद द्रावणात वक्र पातळीची खालची कड दिसत नसल्याने ती ब्युरेटवरचे (द्रावण मोजून सोडण्याच्या उभ्या काचनळीवरचे) आकडे अंदाजाने लिहीत होती. अशा द्रावणाची वरची कड वाचायची असते, हे सांगायला मला अर्धा मिनिट लागला. वर्गात विचारण्याचे धाडस तिला दोन महिन्यांत झाले नव्हते.