चक्कर आली म्हणजे साखर उतरली, असं कुणी ठरवलं?

‘शुगर नसणाऱ्यांनो, जास्त सावध राहा!’ अशा मथळ्याचा, वर तीन लाल भोंगे आणि खाली जोडलेले हात असलेला एक मेसेज सध्या कोल्हापुरातल्या माझ्या ओळखीच्या प्रत्येक ग्रुपवर पडून आहे. तालमीच्या, भिशीच्या, सोसायटीच्या, अगदी दूध संस्थेच्यासुद्धा. शेवटी ‘पुण्यातील मोठ्या डॉक्टरांनी दिलेली माहिती’ असं लिहिलंय. डॉक्टरांचं नाव नाही, दवाखाना नाही. असले मेसेज मी न वाचता पुसते. पण हा आमच्या आत्तीपर्यंत पोचला आणि तिने तो गुरुमंत्र घ्यावा तसा घेतला. आता तिच्या पदराच्या गाठीला कायम गुळाचा खडा. जरा गरगरलं की गाठ सोडायची, खडा तोंडात. तिला शुगर नाही. "न्हाई म्हणूनच तर भ्या हाय," असं ती उलट मलाच समजावते आणि फोन पुढं करते.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. चक्कर, घाम, थरथर, धडधड, चिडचिड यांतलं काहीही झालं तर साखर उतरली समजा, तपासत बसू नका. दर दोन तासांनी गूळ किंवा खडीसाखर खा, नैसर्गिक गोडाने शुगर वाढत नाही. उपवास केला तर मेंदूच्या पेशी मरतात. माणूस बेशुद्ध पडला तर तोंडात गुळाचं पाणी किंवा मध ओता, दोन मिनिटांत उठून बसेल. रिपोर्ट नॉर्मल आला तर लॅबवर विश्वास ठेवू नका. आणि आज ज्याची साखर उतरते, त्याला उद्या डायबिटीस ठरलेला.

मी डॉक्टर नाही, लॅबमध्ये रक्त काढते. त्यामुळे लॅबची ओळ वाचून आधी तीच झोंबली. पण ती नंतर. आधी बेशुद्धीची, कारण त्या ओळीने माणूस मरू शकतो.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही. पाणी नाही, गुळाचं पाणी नाही, मध नाही, ग्लुकोजची पावडर नाही. आपण गिळतो तेव्हा श्वासनलिकेचं तोंड झाकलं जातं आणि चुकून थेंब गेलाच तर ठसका लागून तो बाहेर पडतो. शुद्ध हरपली की या राखणीचा भरवसा उरत नाही. मग ओतलेलं पाणी फुप्फुसात उतरतं. दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज मिळून जो माणूस उठून बसला असता, तो घरच्यांच्या हातून गुदमरतो, नाहीतर वाचून न्यूमोनिया घेऊन बसतो. आणि मुळात तो साखर उतरूनच पडला हे ओतणाऱ्याला कळलं कसं? पक्षाघाताने माणूस पडतो, फिट येऊन पडतो, हृदयाचा ठोका चुकून पडतो, मोरीत घसरून डोकं आपटल्यानेही पडतो.

आपल्याकडे कुणी पडलं की दहाजण गोळा होतात. एक कांदा फोडतो, दुसरा चप्पल हुंगवतो. (कोल्हापुरी असली तरी चपलेने फिट थांबत नाही.) त्यात आता हा मेसेज वाचलेला तिसरा, मधाची बाटली घेऊन. त्यापेक्षा एकाने १०८ ला फोन लावावा, दुसऱ्याने त्या माणसाला एका कुशीवर वळवून तोंडातली लाळ-उलटी बाहेर येईल असं ठेवावं आणि श्वास चालू आहे का ते बघत राहावं. श्वास थांबला तर छाती दाबायला घ्यावी. बाकीच्यांनी वाऱ्याला आडवं उभं राहू नये.

जो जागा आहे, नीट बोलतोय, गिळू शकतोय, त्याची गोष्ट वेगळी. त्याची साखर खरंच उतरली असेल तर चहाचे तीन-चार चमचे साखर पाण्यात कालवून द्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, परत तपासायचं, अजून कमी असेल तर परत द्यायची. गूळही चालतो. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

आता मेसेजचा पाया: चक्कर आली म्हणजे साखर उतरली, तपासू नका.

१९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ॲलन व्हिपल नावाचे सर्जन स्वादुपिंडातल्या, साखर खाली आणणारं इन्शुलिन तयार करणाऱ्या गाठी काढायचे. पोट फाडण्याआधी माणसाची साखर खरंच उतरते की नाही याची खात्री हवी, म्हणून त्यांनी तीन अटी घातल्या. एक, त्रास साखर उतरल्यासारखा हवा. दोन, त्रास चालू असताना रक्तातली साखर कमी भरायला हवी. तीन, साखर वर आणली की त्रास जायला हवा. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने, म्हणजे संप्रेरकांच्या आजारांवरच्या डॉक्टरांच्या संघटनेने, २००९ साली प्रौढांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, तीही याच तीन अटींवर उभी आहेत: डायबिटीस नसलेल्या माणसात या तिन्ही गोष्टी नोंदल्या गेल्या असतील तरच पुढच्या तपासण्यांच्या मागे लागा. अशा माणसात दर १०० मिली रक्तामागे साधारण ५५ मिलिग्रॅमच्या खालचा आकडा गंभीरपणे घेतात. ७० चा जो आकडा आपण ऐकतो, तो डायबिटीसची औषधं घेणाऱ्यांना सावध करण्यासाठीचा.

म्हणजे ‘तपासू नका’ हा सल्ला नेमकी दुसरी अट उडवतो, आणि ती उडवली की उरतं काय? घाम, थरथर, धडधड. यातलं एकही लक्षण साखरेची मक्तेदारी नाही. साखर उतरली की शरीर ॲड्रेनलिन सोडतं आणि त्याने घाम फुटतो. घाबरलं तरी तेच ॲड्रेनलिन, तोच घाम. थायरॉइड वाढलेला असला तरी हात थरथरतात. रिकाम्या पोटी तीन कप चहा झाला की काहींचं काळीज धडधडतं. रक्त कमी असलं, पाणी कमी प्यालं, कानातला तोल बिघडला, तरी डोकं गरगरतं. लॅबला ‘साखर उतरते’ म्हणून येणाऱ्या बायकांत हिमोग्लोबिन कमी निघालेल्या मी पुष्कळ पाहिल्यात.

"मग गूळ खाल्ला की बरं कसं वाटतंय गं मला?" हा आत्तीचा बिनतोड मुद्दा. आत्ती, खडा तोंडात विरघळायच्या आधीच तुला बरं वाटतं. साखर पोटातून रक्तात जाऊन परिणाम दिसायला दहा-पंधरा मिनिटं तरी लागतात. तू गाठ सोडायला खाली बसतेस ना, त्याने बरं वाटतं.

तिच्याकडे ग्लुकोमीटर ठेवला आणि बजावलं, गरगरलं की आधी बोट टोचायचं, मग खडा. पहिलाच आकडा दोनशेच्या वर. "बघ, शुगर झाली मला!" म्हणून घर डोक्यावर घेतलं. बोटाला गूळ चिकटलेला. हात साबणाने धुऊन, कोरडे करून परत टोचलं तर ९६. चक्कर मात्र होतीच. मग बीपी बसवून घेतलं, लगेच उभं करून परत घेतलं. वरचा आकडा उभं राहिल्यावर वीसहून जास्त उतरला. नवीन सुरू झालेली बीपीची गोळी तिला जास्त होत होती. डॉक्टरांनी ती कमी करून दिली. (मनाने गोळी बंद करू नका, हे इथेच सांगून ठेवते.) खडा अजून पदरात आहेच, तो काही मी सोडवू शकले नाही.

हे खूळ नवंही नाही. अमेरिकेत १९७० च्या सुमारास थकवा, चिडचिड, उदासी, सगळ्याचं खापर लो शुगरवर फुटायला लागलं होतं. शेवटी १९७३ साली तिथल्या डॉक्टरांची, डायबिटीसवाल्यांची आणि एंडोक्राइनवाल्यांची अशा तीन संघटनांनी मिळून पत्रक काढलं, की बाबांनो, हा आजार तुम्ही समजता तितका सर्रास नाही. तेव्हा तिकडे व्हॉट्सॲप नव्हतं, तरी ही गत.

गुळाबद्दल काय बोलावं! नैसर्गिक गोडाने शुगर वाढत नाही, आणि शुगर उतरली की तेच खाऊन ती वाढवायची. एका मेसेजमध्ये, लागोपाठच्या दोन ओळींत. लिहिणाऱ्याने स्वतः तरी परत वाचायचं. गुळात बहुतांश सुक्रोजच असतं, साखरेत असतं तेच. आपल्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मलाही अभिमान आहे, पण त्या कागदाने गुळातली साखर जात नाही. दर दोन तासांनी खडा खाल्ला तर दिवसाकाठी काय बेरीज होते ते करून बघा. घरात डायबिटीस असलेल्यांनी तर नक्कीच करा.

दर दोन तासांनी खाण्याच्या सल्ल्यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने सांगते. काही जणांची साखर जेवणानंतर दोन-चार तासांनी खरंच उतरते. गोड किंवा मैद्याचं एकदम पोटात गेलं की साखर झपाट्याने चढते, तिच्यामागे इन्शुलिन जरा जास्तच सुटतं आणि साखर खाली येते. पोटाची, वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांत हे जास्त दिसतं. अशांना थोडं थोडं, थोड्या थोड्या वेळाने खायला सांगतात हेही खरं. पण काय खायला? गोड नव्हे! गोडानेच तर फेरा सुरू होतो. सकाळी चहा-बटर, अकराला परत गोड चहा आणि खारी, मग साडेबाराला हातपाय गळाले, हा आमच्याकडचा नेहमीचा प्रकार. त्याऐवजी भाकरी आणि उसळ, अंडं, दही, मूठभर शेंगदाणे. शेंगदाणे नुसते, गुळाशिवाय.

उपवासाने पेशी मरतात म्हणे. तसं असतं तर नवरात्रात निम्मं कोल्हापूर आडवं झालं असतं. यकृतात साठवलेली साखर रात्रभर पुरते, ती संपत आली की यकृत नवी तयार करतं, आणि उपास लांबला तर मेंदू चरबीपासून बनलेल्या इंधनावरही चालतो. स्वादुपिंडातल्या त्या गाठीचा संशय असेल तर दवाखान्यात ७२ तासांपर्यंत उपाशी ठेवून तपासतात. निरोगी माणूस त्यातून सुखरूप बाहेर येतो. अपवाद आहेत. यकृत खराब असलेले. उपाशीपोटी दारू पिणारे, कारण दारू यकृताचं नवी साखर बनवायचं काम अडवते. आणि कुपोषित लहान मुलं. बिहारमध्ये मुझफ्फरपूरला २०१४ साली जी मुलं दगावली, त्यांच्या अभ्यासात लिची खाणं आणि रात्री न जेवणं या दोन गोष्टी पुढे आल्या होत्या. लिचीतलं एक विष शरीराला साखर बनवू देत नाही. मेसेजमध्ये यातलं काही नाही, फक्त घाबरवणं आहे.

आता लॅब. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे साखर कधीच उतरत नाही असं सिद्ध होत नाही, हे बरोबर. सकाळी उपाशीपोटी घेतलेलं रक्त त्या क्षणाचं सांगतं, आणि एचबीए१सी दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं. सरासरीत खड्डा दिसत नाही. म्हणूनच त्रास चालू असतानाचं रक्त हवं. पण चूक उलटीही होते आणि ती कुणी फॉरवर्ड करत नाही: साखर ठीक असून रिपोर्ट कमी येतो. रक्त प्लेन बल्बमध्ये, म्हणजे आत काही औषध नसलेल्या साध्या नळीत, तसंच पडून राहिलं तर लाल पेशी बल्बमध्येही साखर खात बसतात, तासाला पाच ते सात टक्के. गावात सकाळी घेतलेलं, गाडीवरून उन्हात फिरून दुपारी पोचलेलं रक्त असेल तर शंभराचे सत्तर व्हायला वेळ लागत नाही. साखरेसाठी राखाडी झाकणाचा फ्लोराईड बल्ब लागतो, आणि तोही लवकर पोचवावा लागतो. रक्त देताना झाकणाचा रंग बघा, विचारा. घरच्या मीटरचंही तसंच. पंधरा मिलिग्रॅम इकडेतिकडे होणं त्या यंत्राला माफ असतं, पट्ट्यांची मुदत संपली असेल तर विचारूच नका. तेव्हा मीटरवर ६२ दिसलं म्हणून कुणाला श्राद्धाची तयारी करायला नको.

डायबिटीस ठरलेला? ठरलेला वगैरे काही नाही. जेवणानंतर साखर उतरणं काही जणांत डायबिटीसच्या आधीच्या टप्प्यावर दिसतं, म्हणून घराण्यात शुगर असेल तर तपासून घ्या. एवढंच.

आणि जे सांगायला हवं होतं ते मेसेजमध्ये नाहीच. डायबिटीस नसलेल्याची साखर उपाशीपोटी, पहाटे, परत परत उतरत असेल, तो बरळत असेल, ओळखीच्या माणसाला ओळखत नसेल, तर मागे कारण असतं. यकृत, मूत्रपिंड, अंगात पसरलेला जंतुसंसर्ग, कॉर्टिसॉल या संप्रेरकाची कमतरता, क्वचित ती स्वादुपिंडाची गाठ. आणि आपल्या घरांत सहज घडू शकणारं कारण म्हणजे गोळ्यांची अदलाबदल. आजोबांची शुगरची गोळी आणि आजीची बीपीची गोळी एकाच डब्यात, दोन्ही पांढऱ्या, चष्मा सापडत नाही. ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी चुकून पोटात गेली तर शुगर नसलेल्या माणसाची साखर धोकादायक उतरते. तो जागा असेल तर साखरपाणी द्या, पण बरं वाटलं म्हणून घरी ठेवू नका. त्या गोळीचा अंमल तासन्‌तास राहतो आणि साखर परत उतरते, बहुतेक वेळा सगळे झोपल्यावर. डब्यातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून त्याच वेळी दवाखान्यात जा.