मर्जीने झालेला सौदा न्यायाचाच असतो का?

दोन-तीन दिवसांपासून एकच मेसेज सगळ्या ग्रुपांवर फिरून राहिला. म्हणे भांडवलशाही हीच सगळ्यांना न्याय देणारी व्यवस्था, कारण बाजारात कोणी कोणावर जबरदस्ती करत नाही, मेहनतीला फळ मिळतं, कामगारांचे चांगले दिवस मालकांनीच आणले, अन् पटत नसेल तर रशियाचं काय झालं ते पाहा. चांगली शिकलेली पोरं पण पाठवून राहिली, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी जबरदस्तीचं. माझ्या मामाकडे काटोलकडे सात एकर कापूस आहे. बियाणं-खत जूनमध्ये कृषी केंद्रातून उधार येते, दिवाळीच्या आगेमागे पहिली वेचणी झाली की तिकडून फोन सुरू, वेचणाऱ्या बायांना मजुरी रोख लागते, पोरीची फी वेगळी. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता, पण सीसीआयला, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाला, द्यायचा तर ॲपवर नोंदणी करा, नंबर यायची वाट पाहा, अन् ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की माल घेतच नाहीत. मामाने दारात आलेल्या व्यापाऱ्याला हजार रुपये कमीने देऊन टाकला. कोणी हात पिरगाळला नाही, मर्जीनेच दिला! पण व्यापारी मार्चपर्यंत थांबू शकत होता आणि मामाला पुढचा सोमवार निघत नव्हता, भाव तिथेच ठरून गेला. व्यापारी वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही, तो धंदाच करतो. पण याला न्याय म्हणू नका.

ज्या अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथला हे लोक गुरू मानतात त्यानेच १७७६ मध्ये लिहून ठेवलं आहे की मजुरी वाढू नये यासाठी मालकांची आतून नेहमीच एकी असते, अन् भांडणात ते जास्त दिवस टिकतात. मजुराच्या घरात आठवड्याचंही नसतं.

आणि बाजार आपोआप चालतो म्हणता, तर १९ ऑगस्ट २०२५ ला कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क कोणी काढलं? सरकारने. आधी सप्टेंबरपर्यंत, मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे नेमका आपला कापूस घरात यायच्या वेळेला. गिरण्यांची अडचण खरी होती, अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ, म्हणजे आयात कर, लावला होता, गिरण्यांतही कामगारच आहेत. पण एकाची अडचण दिल्लीला लवकर ऐकू जाते अन् दुसऱ्याची जात नाही, हे बोलायचं की नाही?

मेहनतीचं थोडक्यात. बापाकडून आलेल्या मालमत्तेवरचा कर आपल्याकडे १९८५ लाच गेला, त्यात कोणाची मेहनत मोजली?

कामगारांचं मात्र नीट पाहू, कारण ही नागपूरची गोष्ट आहे. १८७७ ला जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली, १८८६ ला पेन्शन फंड, १८९५ ला अपघाताची भरपाई, कायदा नसताना. हे मी आदराने सांगतो. पण एक चांगला मालक पाहून बाकीच्यांनी तास कमी केले नाहीत. १९११ चा कायदा गिरणीतल्या पुरुषाला दिवसाला १२ तास राबवू देत होता, आठवड्याचे ४८ तास व्हायला १९४६ उजाडलं, अन् त्यामागे संप होते, युनियन होत्या, मजूर खातं सांभाळणारे बाबासाहेब होते. जे आज आपण गृहीत धरतो ते भांडून मिळालेलं आहे.

राहिला रशिया. तिथे कम्युनिस्ट राजवटीत १९६२ ला नोवोचेरकास्क शहरात संप करणाऱ्या कामगारांवर गोळ्या चालवल्या, मला ते नकोच आहे. १९९१ ला बाजार खुला झाल्यावर आपल्याकडे लोकांच्या हातात पैसा आला, माझ्याही घरात आला, तेही मान्य. दुकानं, धंदा, नफा सगळं राहू द्या. वेचणीच्या दिवसात खरेदी केंद्र जवळ सुरू असतं अन् चुकारा आठ दिवसात खात्यात पडला असता, तर मामा थांबला असता.